केनियाचं काउंटी सरकार : १२ वर्षं गिऱ्हाईक म्हणून वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, साडेतीन स्टार. चार देणार होतो पण एका काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हाच, पण स्वतःचं निवडून दिलेलं सरकार असलेला) माझं बिल अडकलंय त्याचा अर्धा कापला, आणि कुठल्या काउंटीत ते लिहिणार नाही कारण ते बिल मला अजून वसूल करायचंय.

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, हॉटेलचा लिहितात, मी सरकारचा लिहितोय. त्यात हसण्यासारखं काय आहे, पैसे भरतो, परमिट घेतो, रांगेत उभा राहतो, म्हणजे गिऱ्हाईकच झालो ना. माझा धंदा बोअरवेलचे पंप, सोलर पॅनल, पाण्याच्या टाक्या असल्या मालाचा, केनियात २००६ ला आलो, आता रिफ्ट व्हॅलीतल्या एका मोठ्या गावात राहतो आणि मालाची गाडी घेऊन अर्धा देश फिरतो. म्हणजे मी जुनं मॉडेल पण वापरलंय आणि नवीन पण, नुसतं बॉक्स उघडून फोटो टाकणाऱ्यातला नाही.

जुनं मॉडेल असं होतं. देशात ८ प्रांत, प्रत्येक प्रांतावर एक प्रोव्हिन्शियल कमिशनर म्हणजे पीसी, त्याच्या खाली जिल्ह्याचा डीसी, त्याच्या खाली चीफ, त्याच्या खाली असिस्टंट चीफ, आणि यातला एकही माणूस लोकांनी निवडलेला नाही, सगळे वरून आलेले. खाकी ड्रेस, डोक्यावर ती इंग्रजांच्या काळातली टोपी. इंग्रज १९६३ ला गेले, टोपी राहिली. गावातल्या दवाखान्यात औषध नाही, रस्ता वाहून गेला, पाण्याची टाकी फुटली, काहीही झालं की डीसी म्हणायचा वर कळवलंय. हे वर म्हणजे नैरोबी. आणि नैरोबीत कुणाला विचारायचं हे कुणालाच माहीत नसायचं. मी एकदा एका सरकारी टाकीच्या कामाची चौकशी करायला नैरोबीत एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून सातव्या आणि सातव्यावरून परत तिसऱ्या मजल्यावर असा दिवसभर फिरलोय, लिफ्ट बंद होती हे वेगळं.

पण खरी भानगड रांगेची नव्हती, ताटाची होती. देशात ४० च्या वर जमाती, किकुयू, लुह्या, कालेनजिन, लुओ, कांबा, सोमाली, किसी, मेरू, मासाई, तुर्काना, आणि ताट मात्र एकच, ते राष्ट्राध्यक्षाच्या पुढ्यात. ज्याचा माणूस त्या खुर्चीवर बसेल त्याच्या भागात डांबर पडणार, त्याच्या भागातली पोरं सरकारी नोकरीला लागणार, बाकीच्यांनी पाच वर्षं नुसतं बघत बसायचं. स्वाहिलीत 'कुला' म्हणजे खाणं, आणि पैसे खाण्यालाही तोच शब्द, मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि उत्तरेकडं तर कुणाच्याच पाळीत काही पोचलं नाही, कारण १९६५ च्या सरकारी धोरणपत्रातच लिहून ठेवलेलं की जिथं जमीन चांगली, पाऊस चांगला, जिथून उत्पन्न जास्त निघेल तिथं पैसा घाला. म्हणजे मंडेरा, वजीर, तुर्काना, मार्साबिट, हे वाळवंटातले लोक कायमचे बाहेर. तिकडची म्हातारी माणसं अजून नैरोबीला निघालेल्याला म्हणतात, केनियाला चाललास का?

२००७ च्या डिसेंबरात निवडणूक झाली, निकालावरून भडका उडाला तेव्हा मी किसुमुत होतो. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. बाजारातल्या गुजराती लोकांच्या दुकानांची शटरं कशी उचकटली ते मी गच्चीवरून बघितलंय, रात्रभर धूर, आणि आम्ही आठ जण एका खोलीत डाळ-तांदूळ मोजून शिजवत होतो. देशभरात हजाराच्या वर माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास लोक घरं सोडून पळाले. यूएनचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान मध्यस्थीला येऊन बसले, २८ फेब्रुवारी २००८ ला समझोता झाला, आणि त्यातूनच पुढं ४ ऑगस्ट २०१० च्या जनमतातून नवीन राज्यघटना आली, दोनतृतीयांश लोकांनी हो म्हटलं. त्या घटनेत एका ताटाची ४७ ताटं केली. तीच ही काउंटी सरकारं, मार्च २०१३ च्या निवडणुकीनंतर चालू झाली.

आता हा काही पहिला प्रयोग नाही हे इथल्या जुन्या लोकांकडून कळलं. १९६३ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हाच 'माजिम्बो' नावाची व्यवस्था होती, प्रांतांना स्वतःच्या असेंब्ल्या. लहान जमातींच्या पुढाऱ्यांना ती हवी होती, त्यांना भीती की किकुयू आणि लुओ मिळून सगळं खाऊन टाकतील. जोमो केन्याटांनी, म्हणजे देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी, वर्षभरात ती गुंडाळली. आणि गंमत अशी की माजिम्बो पाहिजे म्हणून भांडणाऱ्यांत डॅनियल अराप मोई पण होते, तेच मोई नंतर २४ वर्षं राष्ट्राध्यक्ष होते आणि एवढी सत्ता एका मुठीत धरून बसले की बस्स. म्हणजे खुर्ची मिळेपर्यंत सगळे विकेंद्रीकरणवाले असतात. हे आपल्याकडं पण लागू पडतं, झेडपीला अधिकार द्या म्हणणारा माणूस मंत्री झाला की बघा.

असो, प्रॉडक्टकडं येऊ.

४७ काउंट्या म्हणजे १९९२ च्या कायद्यातले जुने ४७ जिल्हेच, नवीन रेषा काढल्या नाहीत, काढल्या असत्या तर अजून भांडत बसले असते. प्रत्येक काउंटीला थेट निवडून दिलेला गव्हर्नर, एक असेंब्ली, वॉर्डाला एक मेंबर त्याला एमसीए म्हणतात, देशभरात १४५० वॉर्ड. काउंटीकडं काय काय दिलंय तर दवाखाने, शेती, पाणी, काउंटीचे रस्ते, बालवाड्या, बाजार, कत्तलखाने, दारूचे परवाने, कचरा, अगदी कुत्र्यांचं लायसन पण. काय दिलं नाही तर पोलीस आणि बालवाडीच्या पुढच्या शाळा. त्यामुळं एकाच गावात दोन सरकारं बसलेली दिसतात, एक गव्हर्नर, आणि थोडं पुढं गेलं की काउंटी कमिशनर, हा नैरोबीचा माणूस, म्हणजे जुना डीसीच, पाटी बदललेली. सुरवातीची दोन वर्षं समारंभात आधी कुणाचं भाषण, पहिल्या रांगेत कोण, गव्हर्नरनं गाडीवर झेंडा लावायचा का नाही, यावरून एवढी हमरीतुमरी की झेंड्यासाठी कायदा दुरुस्त करायची वेळ आली. मानापमान म्हणजे आपल्या लग्नातल्या वरमाईसारखं.

पैशाचा हिशोब नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथंच आहे. घटनेत लिहिलंय की देशाच्या महसुलातला कमीत कमी १५ टक्के वाटा काउंट्यांना. ऐकायला मस्त. पण कुठल्या वर्षाच्या महसुलाचा? तर ज्याचं ऑडिट होऊन संसदेनं मंजूर केलंय त्या वर्षाच्या, आणि ते ऑडिट कायम काही वर्षं मागं असतं. म्हणजे पोराला खाऊचे पैसे द्यायचे पण बापाच्या जुन्या पगारावर हिशोब धरून. पहिल्या वर्षी १९० अब्ज शिलिंग गेले, २०२१-२२ ला ३७० अब्ज झाले, आकडा वाढला पण महागाई आणि पगार त्याच्या पुढं पळतात. आणि वेळेवर पोचतील तर शपथ. ट्रेझरी महिना महिना, कधी दोन-तीन महिने हप्ता सोडत नाही, मग गव्हर्नर लोक एकत्र येऊन काउंट्या बंद ठेवायची धमकी देतात, मग थोडे सुटतात, मग परत तेच. सत्ता खाली आली, पण नळाचा कॉक नैरोबीतच राहिला.

त्यातून कुठल्या काउंटीला किती यासाठी फॉर्म्युला आहे. पहिला फॉर्म्युला असा होता, लोकसंख्येला ४५ टक्के वजन, सगळ्यांना सारखे २५, गरिबीला २०, जमिनीच्या क्षेत्रफळाला ८, आणि हिशोब नीट ठेवला तर २. मला स्वतःला हा फॉर्म्युला जाम आवडतो, कारण त्यातल्या त्या 'सारखे २५' मुळं लामूसारखी दीड लाख वस्तीची काउंटी पण काउंटी म्हणून उभी राहते, आणि गरिबी, क्षेत्रफळ यामुळं उत्तरेला आयुष्यात पहिल्यांदा हक्काचा पैसा मिळाला, कुणाच्या पाया न पडता. वजीरमधल्या गिऱ्हाईकानं मला त्यांच्या गावातल्या पहिल्या डांबरी रस्त्याचा फोटो पाठवलेला, नुसता रस्ता, त्याच्यावर माणूस नाही गाडी नाही, स्वातंत्र्यानंतर ५० वर्षांनी आलेला काळा पट्टा. मी आधी हसलो आणि मग गप्प बसलो.

२०२० ला फॉर्म्युला बदलायला घेतला, लोकसंख्येवाल्यांचा फायदा, उत्तर आणि किनारपट्टीचं नुकसान, तर सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, आठवडेच्या आठवडे मत होईना. शेवटी सप्टेंबरात तोडगा काय निघाला, की पुढच्या वर्षी एकूण रक्कमच वाढवू म्हणजे कुणाच्याच पानातलं कमी होणार नाही. पंगतीत भांडण लागलं की यजमान जे करतो तेच.

आता सर्व्हिस कशी आहे ते.

दवाखाने. याच्यावर लोकांची मतं टोकाची आहेत. उत्तरेत जिथं सिझेरियनसाठी बाईला शेकडो किलोमीटर न्यायला लागायचं तिथं आता जवळ ऑपरेशन थिएटर झालीत, हे मी पंप बसवायला गेलोय तेव्हा स्वतः बघितलंय, थिएटरला पाणी आमच्याच बोअरवरनं जातं. पण डॉक्टरांना विचारा, ते काउंटीच्या नावानं बोटं मोडतात. पगार उशिरा, बढती अडकलेली, बदली होत नाही कारण एका काउंटीतून दुसरीत जायचं म्हणजे दोन सरकारांची परवानगी. डिसेंबर २०१६ ते मार्च २०१७ डॉक्टरांचा संप १०० दिवस चालला, त्याच वर्षी नर्सेसचा पाच महिने. त्या दिवसांत सरकारी दवाखान्याच्या गेटला कुलूप आणि बाहेर बायका बाळं घेऊन बसलेल्या. केंद्र म्हणे आरोग्य काउंटीकडं आहे, काउंटी म्हणे करार केंद्रानं केलाय. दोघांच्या भांडणात पेशंट.

आणि सगळा दोष काउंटीचाच असं पण नाही. २०१५ ला नैरोबीनंच ठरवलं की प्रत्येक काउंटीतल्या दोन दोन दवाखान्यांना आणि वर चार राष्ट्रीय दवाखान्यांना भारी मशिनरी भाड्यानं द्यायची, देशभरात ९८ दवाखाने, भाडं काउंट्यांच्या वाट्यातून कापणार. कुणाला काय पाहिजे हे नीट विचारलं नाही. मग काही ठिकाणी मशिन आलं पण वीज पुरत नाही, कुठं पाणी नाही, कुठं ते चालवणारा टेक्निशियन नाही. मी एका ठिकाणी प्लास्टिक न काढलेलं मशिन बघितलंय, त्याच्यावर नर्सनं डबा ठेवला होता जेवणाचा. सिनेटनं पुढं चौकशी केली.

परमिट आणि वसुली, इथं माझा एक स्टार कमी. आधी एक सरकार पावती फाडायचं, आता ज्या काउंटीतून गाडी जाईल ती फाडते. गाडीच्या बाजूवर आमच्या दुकानाचं नाव रंगवलेलं, तर दोन-तीन काउंट्यांत 'ब्रँडिंग फी' मागितली, की ही जाहिरात झाली आमच्या हद्दीत. मी म्हटलं गाडी थांबतच नाही तुमच्या हद्दीत, तर तो म्हणाला आता थांबलीये ना. काय बोलणार. शेवटी मी नावच पुसून टाकलं, आता पांढरी गाडी फिरवतो, लोकांना वाटतं ॲम्ब्युलन्स आली. भाजीपाल्याच्या ट्रकवाल्यांना तर सेसचे नाके, बांबू आडवा टाकलेला, पावतीपुस्तक घेऊन दोघं बसलेले. घटनेत स्पष्ट लिहिलंय की काउंटीच्या करानं मालाची ये-जा अडता कामा नये. बांबूला घटना वाचता येत नाही. आणि जिथं वसुली चांगली तिथं हद्दीचीच भांडणं, मासेनो गाव किसुमुचं का विहिगाचं, मॅकिनन रोड क्वालेचं का टाइटा टावेटाचं, कारण गाव ज्याचं बाजाराची पावती त्याची.

भ्रष्टाचार. हो, तो पण खाली आला, एकदम व्यवस्थित विकेंद्रित. बुंगोमा काउंटीच्या त्या ढकलगाड्या इथं लहान पोराला पण माहितीयत, २०१५ ची गोष्ट, बांधकामावर वापरतात त्या एकचाकी ढकलगाड्या, १० नग, एकेक १ लाख ९ हजार ३२० शिलिंगला. बाजारात त्या एकीच्या पैशात दोन डझन आल्या असत्या. पण माझं म्हणणं वेगळं आहे. नैरोबीत कुठली फाईल कितीला गेली हे आधी कुणाला कळायचं? इथं गाडी दिसते, घेणारा दिसतो, किंमत दिसते, आणि गल्लीतला माणूस म्हणतो अरे मी लोहाराकडनं तीन हजारात करून दिली असती. बुंगोमात बाजारात आजही कुणी जास्त भाव सांगितला की लोक ढकलगाडी ढकलल्याची ॲक्शन करतात, मी स्वतः केलीये. खाणारा तेवढाच खातो, पण आता समोर बसून खातो, आणि त्याला बघणारे त्याच्याच गावचे असतात. ह्या प्रॉडक्टचं मला दिसलेलं सगळ्यात चांगलं फीचर हेच आहे, की शिव्या द्यायला माणूस जवळ आला.

उलट बाजू म्हणजे मकुएनी. सुरवात भयंकर, गव्हर्नर आणि असेंब्लीचं एवढं वाजलं की २०१४ ला असेंब्लीत गोळीबार झाला, लोकांनी काउंटीच बरखास्त करा म्हणून अर्ज केला, चौकशी आयोग पण म्हणाला करा, राष्ट्राध्यक्षांनी नाही केली. आणि त्याच काउंटीत पुढं त्याच गव्हर्नरच्या, किवुथा किब्वानांच्या, काळात असं बसवलं की गावपातळीपासून बैठका घेऊन कामं ठरवायची, आणि प्रत्येक कामाला गावकऱ्यांची कमिटी, तिनं सही केल्याशिवाय कंत्राटदाराला पैसे नाहीत. कंत्राटदार म्हणून सांगतो, ही कमिटी लय त्रास देते. एक रिटायर्ड मास्तर आणि दोन बायका, त्यांनी माझ्या टाकीवर काठीनं ठोकून ठोकून बघितलं, पाईपची जाडी बोटानं मोजली, एक कपलिंग बदलायला लावलं. मी घामाघूम. पण सही झाली आणि पैसे आले. रिव्ह्यूत हे लिहायलाच पाहिजे.

आता जमातीचं. ४७ ताटं केली तर भांडण संपलं का? राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीचं थोडं नरमलं असं मला वाटतं, कारण हरलेल्या बाजूला पण आता निदान गव्हर्नर असतात, बजेट असतं, सगळंच गेलं असं होत नाही. पण काउंटीच्या आत नवीन मोठा भाऊ तयार झाला. कायदा काय म्हणतो, की काउंटीच्या नवीन भरतीत कमीत कमी ३० टक्के जागा तिथल्या मोठ्या जमातीच्या बाहेरच्यांना द्या. केंद्राच्या आयोगानं तपासलं तर बहुतेक काउंट्या ते पाळत नव्हत्या.

माझ्याकडं एक फिटर आहे, नाव नको, जन्म त्याच काउंटीतला, शाळा तिथंच, बायको तिथली, पण आजोबा दुसरीकडून आलेले. काउंटीत पंप ऑपरेटरची भरती निघाली, त्याच्यापेक्षा पंप कळणारा माणूस त्या तालुक्यात नाही हे मी लिहून देतो. यादी लागली तेव्हा मी बरोबर होतो. नोटीस बोर्डवर कागद, तो बोट ठेवून एकेक आडनाव वाचत खाली आला, आणि मध्येच थांबला, शेवटपर्यंत वाचलंच नाही. आडनावावरनं जमात कळते इथं, आपल्याकडं जात कळते तशी. मला म्हणाला, बॉस, आधी मी नैरोबीला परका होतो, आता घरी परका झालो. वर एक जोक मारला, की तू मुहिंदी म्हणजे भारतीय आहेस, तुझं बरंय. त्याचं कारण असं की २०१७ च्या जुलैत सरकारनं आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय, वंशाच्या केनियन नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून जाहीर केलं. तेव्हा दुकानात सगळे मला विचारत होते तुमच्या जमातीची काउंटी कुठली. मी म्हटलं पार्कलँड्स. नैरोबीतली भारतीय लोकांची वस्ती ती.

काही ठिकाणी यावर लोकांनी स्वतःच उपाय काढलेत. मंडेरात सोमाली कुळांचे म्हातारे निवडणुकीच्या आधीच बसून ठरवतात, गव्हर्नर या कुळाचा, डेप्युटी त्या, सिनेटर तिसऱ्या. बायका आणि पोरं यात कुठंच नसतात, म्हणून मला ते पूर्ण पटत नाही, पण बंदुका बाहेर निघण्यापेक्षा बरं. मार्साबिटात २०१३ ला रेंडिले, गाब्रा आणि बुर्जी एक झाले, तिघांच्या नावातली अक्षरं घेऊन 'रेगाबू', आणि संख्येनं जास्त असलेल्या बोरानांना बाजूला बसवलं. त्याच वर्षाच्या शेवटी मोयालेत मारामाऱ्या झाल्या, हजारो लोक सीमा ओलांडून इथिओपियात गेले. पुढच्या निवडणुकीत बोराना गव्हर्नर आला. म्हणजे ताट लहान झालं तरी हात तेवढेच. आणि लहान ताटाची झुंबड शेजाऱ्या-शेजाऱ्यात असते, ती जास्त लागते.

आता माझं बिल.

एका काउंटीत, नाव नाही सांगणार, एका गावात बोअरवर सोलर पंप आणि टाकी बसवली. एलपीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर होती, डिलिव्हरी नोट, इन्स्पेक्शनची सही, सगळे कागद फाईलला. रक्कम ८ लाख ४० हजार शिलिंग. तीन महिन्यांत देतो म्हणाले. मग ट्रेझरीचा हप्ता आला नाही, मग आला पण पगारात गेला, मग सिस्टिम डाऊन, आणि मग २०२२ ची निवडणूक, गव्हर्नर पडला. नवीन गव्हर्नरनं आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर जुन्या बिलांच्या तपासणीला कमिटी. मी परत सगळे कागद दिले. कमिटीचा रिपोर्ट गेला, कमिटी बदलली, परत कागद. अकाउंट्सच्या खिडकीतली बाई आता मला ओळखते, माझ्या पोरीची परीक्षा कशी गेली विचारते, आणि मग म्हणते 'बाडो'. म्हणजे अजून नाही. स्वाहिलीतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द. मी एकटा नाही, सगळ्या काउंट्यांची मिळून अशी देणी १०० अब्ज शिलिंगच्या कधीच पलीकडं गेलीत, कित्येक छोटे सप्लायर बँकेच्या कर्जात बुडाले, एकानं माझ्यासमोर पिकअप विकला.

मागच्या महिन्यात त्याच गावात एका जुन्या हेडमास्तरांचं मातंगा होतं, म्हणजे मयताचा कार्यक्रम, मी गेलो कारण माणूस चांगला होता, आम्ही पंप बसवला तेव्हा चहा त्यांच्याकडंच असायचा. इथं मयताला सगळे पुढारी येतात, गव्हर्नर पण आले, तंबूत प्लास्टिकच्या खुर्च्या, माईक, भाषणं. मधेच एक म्हातारी उठली, काठी टेकत पुढं आली, पाद्रीच्या हातातला माईक सरळ काढून घेतला आणि गव्हर्नरकडं बघून म्हणाली, मास्तर गेले, त्यांना आंघोळ घालायला आम्ही नदीवरनं पाणी आणलं, टाकी कोरडी आहे तीन आठवडे, तू मत मागायला आलास तेव्हा ह्याच टाकीला टेकून उभा होतास. सगळा तंबू चिडीचूप. जुन्या काळात डीसीला असं बोलली असती तर चीफनं उचलून नेली असती. गव्हर्नरनी मान खाली घातली, मग मागं वळून पाण्याच्या ऑफिसरकडं बघितलं, ऑफिसरनं त्याच्या मागं, आणि शेवटी मागून चौथ्या रांगेत बसलेला मी.

संध्याकाळी साडेसातला फोन आला. ऑफिसर स्वतः. कंट्रोलर जळला असेल, उद्या येऊन बघा, अर्जंट आहे. मी म्हटलं येतो, जुन्या बिलाचं काय. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग अगदी हळू आवाजात म्हणाला, बाडो.

म्हातारीचा चेहरा डोळ्यासमोरनं जाईना म्हणून गेलो. कंट्रोलरच जळला होता, उंदरानं वायर कुरतडलेली. कंट्रोलरचे पैसे माझ्या खिशातले, त्याचं बिल आता जुन्या फाईलला लावलंय, नवीन रक्कम ८ लाख ७५ हजार. टाकी भरायला लागली तेव्हा म्हातारी कॅन घेऊन पहिली उभी होती, आणि मला म्हणाली, तुझे पैसे दिले का रे त्यांनी? नाही म्हटलं. म्हणाली, पुढच्या शनिवारी बाजारात गव्हर्नर येणारे, सकाळी दहाला ये, मी बोलते.